रातीची जवारी, दिवसाचं चार्जिंग

कुसळवाडीच्या शाळेत टॅब आले तेव्हा आधी त्यांना हार घातले, मग नारळ फोडला आणि मग कुलूप लावलं.

पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं दिलेले दहा टॅब होते. ते ऐन खंडेनवमीला आले, त्यामुळे ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, विळे-खुरपी यांच्या रांगेत त्यांनाही मानाची जागा मिळाली. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लागलं. एकाच्या चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलं, ते दिवाळीपर्यंत निघेना. फोटो तालुक्याला गेला, तालुक्याहून शाबासकी आली, आणि अमरसिंह बापूंनी सगळे टॅब वरचं प्लास्टिकसुद्धा न काढता कपाटात ठेवून दिले.

बापू वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकते. गावात सगळ्यांत जास्त रान त्यांचं. दोनदा सरपंच झालेले. शाळेच्या गळक्या खोल्यांवर पत्रे टाकले ते त्यांनीच. पण मागं शाळेला एक टीव्ही मिळाला होता. निवडणुकीच्या निकालादिवशी तो चावडीत नेला, आणि चावडीतून पुढं कुठं गेला ते त्या टीव्हीलाच ठाऊक. तेव्हापासून बापूंचा नियम असा, की शाळेची चीज कुलपात शोभते.

सत्यशीलाबाई त्याच जूनमध्ये मुख्याध्यापिका म्हणून आल्या होत्या. माहेर घाटनांदूरचं, पन्नाशीच्या जवळ, स्कूटीवर बसल्या तरी खुर्चीवर बसल्यासारख्या. टॅबच्या पूजेला त्यांनीही सगळ्यांबरोबर हात जोडले. दुसऱ्या दिवशी किल्ली मागायला बापूंच्या दारात उभ्या राहिल्या.

"कावून?" बापूंनी विचारलं.

"पोरांना शिकवायला."

"शिकवायला तुमी हायेत की, बाई."

"मी एकटी हाय बापू, अन पोरं लई हायत."

बापूंनी किल्ली दिली, पण शाळेच्या वेळेपुरती. चार वाजता ती परत त्यांच्याकडं. बाई म्हणाल्या, ठीक. त्यांनी वीटभर आकाराची एक पेटी आणली होती. ती लावली की इंटरनेट नसतानाही खोलीतल्या टॅबवर धडे उतरायचे. आपल्याकडं रेंज लिंबावर चढल्यावर सापडते, त्यामुळे ही पेटी म्हणजे मोठंच काम होतं.

आठवडाभर बाईंनी फक्त बघितलं. बापूंची नात सायली सहावीत होती. तिच्या घरी फोनच फोन. तिचा धडा वर्गात सगळ्यांच्या आधी संपायचा आणि ती खिडकीतून बाहेर बघत बसायची. बाकीची अर्धी पोरं टॅबला असं बोट लावायची जसं देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लावतात. बोट लावलं की लगेच मागं. ही पोरं जरा सैल होईतो तास संपायचा आणि टॅब कपाटात जायचा. दहा टॅब सगळ्यांना सारखे वाटले जात होते, आणि जे पुढं होते ते आणखी पुढं चालले होते.

एक दिवस बाईंनी विचारलं, "कोणाकोणाच्या घरी दिवसा फोन असतो?"

काही हात वर आले, काही अर्धे. शेवटच्या ओळीतल्या अंजूनं हात वर केलाच नाही.

"तुझ्या घरी, अंजू?"

"आमचं घरच दिवसा घरी नसतंय बाई."

पोरं हसली. अंजूही हसली. पण ती सांगत होती ते खरं होतं. ती हरिबा मेंढपाळाची थोरली. दिवाळी झाली की हरिबा आणि बायडाबाई बिऱ्हाड घोड्यावर घालून मेंढरांमागं निघत. कापूस निघालेलं रान, ऊस तुटलेलं रान, आज या शिवारात तर चार दिवसांनी त्या. अंजू त्यांच्याबरोबर. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायची, आणि तोवर वर्ग कुठल्या कुठं गेलेला असायचा.

त्याच आठवड्यात बायडाबाई शाळेत आली. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बाई, पोरीचं नाव काढा."

"का गं?"

"दरसाल आली की मागं पडलेली ऱ्हाती. पोरं ब्यां ब्यां करत्यात तिला बघून. तिला वाटतंय मला आयकू येत न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मेंढरामागं तरी कुनी हसत न्हाई."

"अन मी शाळाच तुमच्यामागं धाडली तर?"

बायडाबाईनं बाईंकडं असं पाहिलं, जसं बाजारात कुणी म्हातारी मेंढी जवान म्हणून विकायला काढल्यावर पाहावं. "धाडा की. धाडली तर ठिवा नाव. न्हाई तर दिवाळीआधी काढा. उगा पटावर अन मनात दोन्हीकडं नको."

* * *

शाळेची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात अर्ध्या आया असाव्यात असा कायदा आहे, आणि कुसळवाडीत तो कायदा चोख पाळला जात होता. आया समितीत होत्या. फक्त सभेला त्यांचे नवरे यायचे. अध्यक्ष होती धनश्री, म्हणजे बापूंची सून, सायलीची आई. तिच्या खुर्चीत बापू बसायचे. सही करायला वही घरी जायची, आणि भाकरी थापता थापता हात पुसून धनश्री सही करायची. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, धनश्रीला वाटत असेल तर तिनं सांगितलं नव्हतं.

तर दिवाळीच्या आधीच्या सभेत सत्यशीलाबाईंनी विषय काढला. ज्यांच्या घरी फोन नाही त्या पोरांना टॅब घरी न्यायला द्यायचे. आणि एक टॅब अंजूबरोबर, मेंढरामागं.

बायकोच्या जागी आलेला बंकट म्हणाला, "मेंढरामागं टॅब? मेंढरू खाईल की बे!"

सभा हसली. बाईंनी हसू संपू दिलं.

आप्पाराव जरा शहाणपणानं बोलणारा. तो म्हणाला, "बाई, तुमचं म्हननं कळतंय. पन सगळ्यांना सारखं ठिवा. एकाला जास्ती दिलं की गावात तोंडं सुटत्यात."

"आप्पाराव, तुमच्याकडं ठिबक हाय ना?"

"हाय."

"मग खालच्या काळ्या रानाला अन वरच्या मुरमाड तुकड्याला पाणी सारखंच सोडता?"

"सारखं कसं? मुरमाडाला जास्ती येळ सोडावं लागतंय. काळं रान धरून ठिवतंय, मुरमाडात ठरत न्हाई."

बाईंनी हे वहीत टिपून घेतलं.

बंकटनं आप्पारावच्या पाठीत थाप मारली. "घे! बाईंनी तुझं तोंड तुझ्याच मोटारीनं धुतलं."

बापू मात्र हसले नाहीत. "हे बघा बाई. मी नको म्हनत न्हाई. एक टॅब न्या. मेंढरामागं जाऊन तो नीट ऱ्हायला तर बाकीचेबी पोरांच्या घरी जाऊ द्या. पन तो फुटला, हरवला, तर बाकीचे नऊ कपाटात. अन सभेत हा विषय तुमी पुन्हा काढायचा न्हाई."

"मंजूर," बाई म्हणाल्या. इतक्या लगेच, की बापूंनाच जरा चुकल्यासारखं वाटलं.

* * *

हरिबाला टॅब दाखवला तेव्हा त्यानं तो उलटापालटा करून पाहिला आणि पहिला प्रश्न बरोबर तोच विचारला, "ह्याला लाईट लागती ना? मेंढराच्या शेपटीला तर बटन न्हाई."

बाई त्या संध्याकाळी माळावर त्याच्या बिऱ्हाडापाशी दगडावर बसल्या होत्या. मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून झाली होती. बायडाबाई चहा टाकत होती.

"हरिबा, शेतकरी तुमाला काय देतो?"

"रातीला जवारी. मेंढरं जितक्या राती त्याच्या रानात बसतील तितक्या रातीची. लेंडीचं खत रानात पडतं, आमचं पोट भरतंय."

"बोली आधीच होते?"

"मग? बोली न करता कोन मेंढरं बसवंल?"

"मग त्या बोलीतच घाला. रातीची जवारी अन दिवसाचं चार्जिंग. रान असलं तर इहीर असती, इहीर असली तर मोटार, अन मोटार असली तर लाईट."

हरिबानं विडी कानामागं खोचली आणि बायकोकडं पाहिलं. बायडाबाई म्हणाली, "जवारीत कमी करतील त्यापायी."

"न्हाई करनार," हरिबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत सौदा दिसायला लागला होता. "लाईटीला शेतकरी दाम धरत न्हाई. ती त्याला मोकळी वाटती. आधी जवारीवर खूप भांडायचं अन शेवटी म्हनायचं, जाऊ द्या मालक, तेवढी पोरीची पाटी चार्ज करू द्या."

आणि तसंच झालं. पहिला शेतकरी युसूफ वडगावच्या अलीकडचा होता. त्यानं जवारीवरून हरिबाचे पार पूर्वज काढले, पण चार्जिंग म्हटल्यावर हसत म्हणाला, "लाव की, माझं काय जातंय?" पुढच्या शिवारात दुसऱ्यानं आपणहूनच विचारलं, "तुमच्यातली ती टॅबवाली पोरगी कोनती?" ज्याच्या रानात चार्जिंगची सोय नाही त्याला आता थोडं ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. हरिबा मोठा धोरणी माणूस. त्यानं या ओशाळण्याची जवारीसुद्धा वसूल केली.

नवे धडे कसे पोचणार, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर बाईंना भाजीच्या पिशवीत सापडलं. मेंढरं कुठंही असोत, आठवडी बाजाराला बायडाबाई युसूफ वडगावला यायचीच, मीठ-मिरची घ्यायला. बाईही यायला लागल्या. ती वीटभर पेटी आणि एक बॅटरी पिशवीत, वरून मेथीची जुडी. मिरचीवाल्या छबुबाईच्या पालाच्या सावलीला त्या बसायच्या, अंजू टॅब घेऊन यायची, जुने धडे तपासून नवे चढवायचे.

पहिल्या बाजारी छबुबाईनं विचारलं, "बाई, काय इकायला बसलाव?"

"अपूर्णांक."

"कसे दिले?"

"फुकट."

"मग कोन घेनार?" छबुबाई म्हणाली आणि बसायला गोणपाट टाकून दिलं.

घेणारे आले. आधी दुसऱ्या दोन बिऱ्हाडांतली पोरं लांबून बघत उभी राहिली. पुढच्या बाजारी जवळ आली. त्याच्या पुढच्या बाजारी त्यातल्या एकीनं अंजूच्या हातातून टॅब ओढला, आणि दोघींचं भांडण लागलं, ते बाईंनी बराच वेळ सोडवलं नाही. पुस्तकासाठी भांडणारी पोरं त्यांनी नोकरीत फार पाहिली नव्हती.

अंजू शंका टॅबमध्ये बोलून ठेवायची. बाजारी त्या पेटीत उतरायच्या आणि बाई शाळेत, मधल्या सुट्टीत ऐकायच्या. "बाई, खालचा आकडा मोठा झाला की तुकडा बारीक कावून हुतो? सांगा बरं... ए हुर्र! हुर्र! त्या बांधाला जाऊ नको, तुझ्या आयला... बाई, हे तुमाला न्हाई, मेंढराला." बाई हसून हसून पाणी प्यायच्या आणि मग शांतपणे उत्तर बोलून ठेवायच्या. पोरीचे प्रश्न आठवड्या-आठवड्यानं लांब होत चालले होते, आणि मधल्या शिव्या कमी. वर्ग जिथं होता तिथंच ती होती. एका धड्यात तर पुढं होती.

* * *

पौषात मेंढरं बापूंच्याच रानात आली. दरवर्षीच यायची. बापूंचा कापूस निघाला की हरिबाला निरोप जाई. बोलीला बापू स्वतः उभे. जवारीवर भांडण झालं नाही, बापू भांडत नसत. चार्जिंगचं हरिबानं तोंडातून काढायच्या आत तेच म्हणाले, "अन पोरीचं ते यंत्र. लोकांच्या रानात चार्ज होतंय, आमच्या रानात न्हाई, असं नको. रविराज, मोटारीच्या डब्याजवळ एक बोर्ड बसवून दे आजच."

हे बापूंनी खरोखर मनापासून सांगितलं. पुढं जे झालं ते त्यांच्या मोठेपणामुळं झालं, हीच त्यातली गंमत.

रविराज म्हणजे बापूंचा मुलगा, धनश्रीचा नवरा. स्वभावानं दिलदार, पण वायरमन बोलावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. मोटारीला तीन फेजची लाईट असते. टॅबच्या चार्जरला एक फेज लागते आणि दुसरी तार न्यूट्रलची; दोन्ही फेजच्याच लावल्या तर दाब जवळजवळ दुप्पट होतो. रानातल्या डब्यात न्यूट्रल नव्हतीच. रविराजनं विचार केला, तार ती तार. एक इकडच्या फेजची घेतली, एक तिकडच्या, दोन्ही बोर्डाला जोडल्या, आणि हात झटकून म्हणाला, "लाव गं पोरी."

अंजूनं चार्जर लावला. फाटकन आवाज झाला. चार्जरचं टोपण उडून बोरीच्या झाडाला लागलं, हरिबाचं कुत्रं दोन बांध ओलांडून पळालं, आणि टॅबचा पडदा एकदा पांढराफेक होऊन काळा पडला. तो पुन्हा लागलाच नाही.

अंजू जागची हलली नव्हती. तिला काही झालं नाही, एवढं नशीब.

रविराजनं घरी येऊन बापूंना सांगितलं, "माल हलका हुता बापू. फुटला."

हरिबानं त्याच्या बटणाच्या फोनवरून बाईंना कळवलं. बाई स्कूटी घेऊन थेट रानात आल्या. त्यांनी काळा पडलेला बोर्ड पाहिला, त्यात शिरलेल्या दोन तारा पाहिल्या, आणि कळायचं ते त्यांना कळलं. तेवढ्यात बापू बांधावरून आले.

"वाईट झालं बाई," बापू म्हणाले. खरंच वाईट वाटत होतं त्यांना. "पन आपला शब्द झालता."

बाईंनी एकदा बोर्डाकडं पाहिलं, एकदा रविराजकडं. रविराज मेंढरं मोजत असल्यासारखा लांब बघत होता. हरिबा मालकाच्या रानात उभा होता, तो काय बोलणार?

"शब्द म्हणजे शब्द, बापू," बाई म्हणाल्या. "मी सभेत पुन्हा बोलणार न्हाई."

बापू गेल्यावर अंजू जवळ आली. "बाई, मी न्हाई फोडला."

"मला म्हाईत हाय."

बायडाबाई वाघरीला टेकून उभी होती. तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "मग आता नाव काढता ना?"

"संक्रांतीला शाळेत बायकांचा मेळावा हाय. त्या दिवशी या. तेव्हा काढायचं तर काढू."

"मेळाव्याला मी कशाला?"

"तिळगूळ खायला," बाई म्हणाल्या आणि स्कूटीला किक मारली.

* * *

बाई बोलणार नव्हत्या. पण न बोलायचीसुद्धा तयारी करावी लागते.

हळदीकुंकू म्हटलं की काही बायका दारातूनच माघारी जातात, किंवा येतच नाहीत. म्हणून बाईंनी त्याला 'माता मेळावा' नाव दिलं, आणि छबुबाईसारख्या बायकांकडं स्वतः जाऊन बोलावणं केलं. तिळगूळ सगळ्यांना, वाण सगळ्यांना. शाळेचं पटांगण लुगड्या-साड्यांनी भरलं. आणि समितीची जानेवारीची सभा बाईंनी त्याच दिवशी, त्याच पटांगणात ठेवली. नोटीस रीतसर काढली. बापूंनी ती वाचली, आणि त्यात त्यांना काही वेगळं दिसलं नाही.

पुरुष मंडळी आली, खुर्च्यांवर बसली. बायका सतरंजीवर. धनश्री पुढच्या रांगेत, डोक्यावर पदर. रविराज शाळेच्या दाराला टेकून उभा.

सत्यशीलाबाईंनी वही उघडली. "अध्यक्षांच्या परवानगीनं सभा सुरू करू का?"

असं त्या दर सभेला म्हणायच्या, आणि बापू "करा" म्हणायचे. आजही बापूंनी तोंड उघडलं. पण बाई बघत होत्या सतरंजीकडं.

"करा," धनश्री म्हणाली.

आवाज बारीक होता, पण बापूंचा "क" तोंडातच राहिला. बंकटनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि अर्धवट उठून पुन्हा बसला.

पाण्याच्या टाकीचा विषय झाला. पोषण आहाराच्या तांदळाचा झाला. बाईंनी वही मिटली. त्यांना आणखी काही बोलायचं नव्हतं, तसा शब्दच होता.

"मला इचारायचंय," धनश्री म्हणाली. ती खाली सतरंजीकडं बघून बोलत होती, सासऱ्यांकडं नाही. "ते नऊ टॅब कुठायत?"

"कपाटात," बंकट म्हणाला.

"कावून?"

"एक फुटला म्हणून. असा ठराव झालता की वहिनी."

"कुनी फोडला?"

हरिबा पटांगणाच्या कडेला उकिडवा बसला होता, तो आपल्या वहाणेकडं बघायला लागला. अंजू आईच्या मागं होती.

"तूच सांग की मग," मागून छबुबाई म्हणाली. "तुला ठावं दिसतंय."

धनश्रीनं मान हलवली. "त्यांचं नाव कसं घेऊ? चारचौघांत?"

सतरंजीवरच्या सगळ्या बायकांना एकदम कळलं. दाराला टेकलेल्या रविराजकडं सगळ्यांच्या माना वळल्या. आणि मग संक्रांतीच्या सणाला बायका जे करतात तेच त्यांनी केलं.

"नाव घे! नाव घे! उखाण्यात घे!"

"उखाण्याबिगर वाण न्हाई!"

"लाजू नको गं, घे!"

धनश्रीनं पदर सारखा केला. बारावी शिकलेली होती ती, कवितांची तिला हौस होती, आणि मला वाटतं हा उखाणा ती पंधरवडाभर भाकरीबरोबर थापत असावी. ती म्हणाली,

"मोटारीच्या डब्यामंदी जोडल्या दोन फेजच्या तारा,
रविराजरावांचं नाव घेते, धूर त्यांचाच सारा!"

पटांगणात असा हशा उठला की लिंबावरची पाखरं उडाली. आप्पाराव खुर्चीवर मांडी थोपटत होता. बंकट ओरडला, "अरे रव्या! न्यूट्रल कुठं गेलतं बे?"

"न्यूट्रल नव्हतंच की तिथं..." रविराज बोलून गेला आणि मग त्याला समजलं की आपण सगळंच कबूल केलं. तो कानापर्यंत लाल झाला. पण माणूस दिलदार खरा. स्वतःच हसायला लागला.

बापू हसले नाहीत. त्यांनी मुलाकडं पाहिलं. "मला तर म्हनलास माल हलका हुता."

रविराजचं हसू विझलं. "चुकलं, बापू."

धनश्री उभी राहिली. अजूनही ती सासऱ्यांकडं बघत नव्हती, पण आवाज आता बारीक नव्हता.

"मामा, ठराव मोडा असं मी म्हनत न्हाई. मेंढरामागं फुटला तर कपाट बंद, असं ठरलं हुतं. मेंढरामागं तो इतक्या रानांतून फिरला, कुठंच फुटला न्हाई. फुटला आपल्या डब्यात. अन त्या दिवसापास्नं ही अंजू अन आमची सायली शाळा सुटली की मोटारीच्या खोलीत माझ्या फोनवर अभ्यास करायल्यात. सायलीला फोन हुता, पन ती त्याच्यावर नाचायचे व्हिडिओ बघायची. ह्या पोरीनं तिला गणिताला बसवलं. मी वर्षभर मागं लागले, बसली न्हाई. मेंढरं परवा पुढच्या रानात जानार. माझा फोन तर मी त्यांच्यासंगं धाडू शकत न्हाई. मी अध्यक्ष हाय ना? कागदावर हाय म्हनं. मग माझं म्हननं हाय, टॅब पोरांकडं जाऊ द्या. ज्यांच्या घरी कायच न्हाई त्यांच्याकडं आधी. आमच्या सायलीला न्हाई दिला तरी चालंल."

"मला पाठिंबा हाय," आप्पारावची बायको म्हणाली. आप्पारावनं तिच्याकडं असं पाहिलं जणू ती बोलू शकते हे त्याला आजच कळलं. मग सतरंजीवरून हात वर येत गेले. समितीतल्या आयांचे, समितीत नसलेल्यांचेही. ते मोजायची गरज पडली नाही.

सगळे बापूंकडं बघत होते. बापू आपल्या काठीच्या मुठीवर बोट फिरवत राहिले. मग सत्यशीलाबाईंना म्हणाले, "बाई, तुमी काय बोलल्या न्हाईत."

"शब्द झालता ना, बापू."

"हां. शब्द तुमी पाळला." ते उठले. आपली खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, सतरंजीजवळ आणली आणि सुनेच्या शेजारी ठेवली. "बस वर. मान मोडंल खाली बघून बघून." आणि मग रविराजला, "अन तू, उद्या केजला जाऊन चांगला वायरमन घेऊन ये. आपल्याच न्हाई, ज्याच्या ज्याच्या रानात हरिबाची मेंढरं बसत्यात त्या सगळ्या डब्यांवर एकेक बोर्ड. नीट. तुझा हात लागता कामा नये."

बंकट म्हणाला, "त्याचा हात लागला तर मेंढरंबी उडतील."

दुपारी टॅब वाटले. प्रत्येकाच्या मागं घरातल्या बाईचं नाव लिहिलं, कारण बाईंचा अनुभव असा होता की बाईच्या नावानं दिलेली वस्तू घरात टिकते आणि बाप्याच्या नावानं दिलेली पानटपरीवर जाते. सायलीनं अंजूच्या टॅबला स्वतःची जुनी ओढणी गुंडाळून दिली. कुणी हळदीकुंकू लावायला आलं, तिला बाईंनी भोकाजवळ बोट नेऊ दिलं नाही.

बायडाबाई सगळं संपेतो ओट्यावर बसून होती. पदराच्या गाठीत तिळगूळ, मांडीवर वाण. बाईंनी पट उघडला आणि तिच्याकडं पाहिलं.

"तू नाव काढायला आली होतीस."

"आलते की."

"मग?"

बायडाबाईनं पटाकडं बोट केलं. "ते ऱ्हाऊ द्या. अन आता एवढ्या लांब आले तर एक लावूनच जाते. धाकटीचं. तिला बी टॅब मिळंल ना?"

"तिला अंजूचाच. दोघींत एक."

"दोघींत एक कसा? थोरली देईल का तिला? भांडतील."

"भांडू दे. नाव सांग."

"आरोही. तिच्या मावशीनं ठिवलंय, शहरातलं."

"जन्म कधीचा?"

बायडाबाई विचारात पडली. "मेंढरं धारूरच्या डोंगरात हुती तवा."

"डोंगरात म्हणजे कोणता महिना?"

"आता महिना कुठं बघत बसू? गवत पार वाळलेलं हुतं. अन कोकरं झालती, लई झालती त्या साली."

"ए हरिबा," बाईंनी पटांगणात हाक मारली, "कोकरं लई झाली ते साल कोणतं?"

हरिबा, बापू आणि आप्पाराव तिघंही एकदम उत्तर द्यायला लागले, आणि तिघांची सालं वेगळी निघाली.